रीडिंग नळापाशीच ठरतं!

मित्रांनो, मेसच्या दारातल्या नोटीस बोर्डावर गेल्या टर्मला एक कागद लागला होता, आठवतोय का? "होस्टेलच्या बोअरच्या पाण्याची रेडॉनसाठी तपासणी केली. प्रमाण 3 बेकरेल प्रति लिटर. पाणी सुरक्षित आहे." खाली माझी सही. एका बाजूला मेस बिलाच्या थकबाकीची यादी आणि दुसऱ्या बाजूला हरवलेल्या कॅल्क्युलेटरची चिठ्ठी, त्यामुळे बऱ्याच जणांनी तो वाचलाही नसेल. पण रेक्टर सरांनी वाचला आणि सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. दोन दिवस मी कॉलर ताठ करून फिरत होतो.

तो आकडा चुकीचा होता. मशीनमध्ये बिघाड नव्हता, गणितही चुकलं नव्हतं. पाणी मी चुकीचं भरून नेलं होतं. आज हे मॅगझिनमध्ये लिहितोय, कारण त्या चुकीमागची सवय माझ्या एकट्याची नाही. ती आपल्या सगळ्यांच्या जर्नलमध्ये पहिल्या वर्षापासून सुखाने नांदते आहे.

आधी थोडं रेडॉनबद्दल. (झोपू नका, थिअरी एका परिच्छेदात संपवतो.) दगडात थोडंफार युरेनियम असतंच. ते फुटत फुटत रेडियम होतं आणि रेडियमपासून रेडॉन-222 हा वायू तयार होतो. रंग नाही, वास नाही, चव नाही. कुणाशी संयोग नाही, भांडण नाही, एकदम निष्क्रिय वायू. पण किरणोत्सारी. त्याचं अर्धायुष्य 3.82 दिवस. दगडाच्या भेगांमधून वाहणारं पाणी हा वायू सोबत घेऊन बोअरमध्ये येतं. आता आपलं कॉलेज पूर्व विदर्भात. पश्चिम महाराष्ट्रातला काळा बसाल्ट इकडे येईपर्यंत संपतो आणि फार जुना ग्रॅनाइट, नाइस असा दगड वर येतो. ग्रॅनाइटमध्ये बसाल्टपेक्षा युरेनियम साधारणपणे जास्त असतं. म्हणजे पुण्याच्या मित्राने "आमच्याकडे असलं काही नसतं" म्हटलं म्हणून आपण निर्धास्त राहायचं कारण नाही.

कॉलेज दरवर्षी पाण्याची तपासणी करून घेतं, हे खरं. पण त्या रिपोर्टमध्ये पीएच, टीडीएस, हार्डनेस, फ्लोराइड, जीवाणू एवढंच असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 च्या 2012 च्या आवृत्तीत, एकूण अल्फा 0.1 आणि एकूण बीटा 1 बेकरेल प्रति लिटर अशा मर्यादा आहेत. मात्र त्या तपासणीत पाणी आटवून खाली राहिलेला थर मोजतात. पाणी आटवताना रेडॉन कधीच उडून गेलेला असतो. तेव्हा रेडॉन हवा असेल तर वेगळीच पद्धत लागते.

ती पद्धत मला समर ट्रेनिंगमध्ये भेटली. दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेत मला दीड महिना मिळाला होता. तिथे एका थंडगार खोलीत लिक्विड सिंटिलेशन काउंटर होता. बाहेरून बघाल तर मोठा डीप फ्रीझर वाटेल. पहिल्या दिवशी सर म्हणाले, "आधी कॉकटेल बनवायला शिक." मी मनात म्हटलं, वा! संस्था चांगली दिसतेय. नंतर कळलं की कॉकटेल म्हणजे एक तेलकट सॉल्व्हंट आणि त्यात विरघळवलेलं, किरण आदळले की चमकणारं रसायन. होस्टेलमध्ये हा किस्सा सांगितला तेव्हा पहिल्या वाक्यापर्यंत सगळे ऐकत होते, दुसऱ्या वाक्याला निम्मे उठून गेले.

पण कल्पना खरंच देखणी आहे. रेडॉनचे अल्फा कण पाण्यात केसाच्या जाडीइतकंही अंतर कापत नाहीत. बाटलीच्या बाहेर काउंटर धरून ते कसे सापडणार? म्हणून मोजणारं द्रव्यच आत घालायचं. काचेच्या 20 मिलीच्या कुपीत 10 मिली कॉकटेल घ्यायचं आणि सिरिंजची सुई त्याच्या तळाशी नेऊन 10 मिली पाणी हळूच सोडायचं. झाकण घट्ट लावून हलवायचं. रेडॉनला पाण्यापेक्षा तेलकट सॉल्व्हंट कितीतरी पट जास्त आवडतं, त्यामुळे तो पाणी सोडून वरच्या थरात जातो. पाण्यातलं रेडियम, युरेनियम मात्र खालीच राहतं. मग किमान तीन तास थांबायचं. तेवढ्या वेळात रेडॉनची पोरंबाळं, म्हणजे पोलोनियम, शिसं, बिस्मथ यांचे अल्पायुषी समस्थानिक, त्याच्याबरोबर समतोलात येतात. आता रेडॉनचा एक अणू फुटला की मागोमाग साखळीतले बाकीचे धरून तीन अल्फा आणि दोन बीटा, अशा पाच चमका मिळू शकतात. अंधाऱ्या पेटीत समोरासमोर दोन फोटोमल्टिप्लायर असतात. दोघांनी एकाच क्षणी चमक पाहिली तरच ती मोजली जाते. एकट्या नळीतला विजेचा गोंधळ त्यामुळे गाळला जातो. प्रिचर्ड आणि गेसेल या दोघांनी 1977 मध्ये बाजारात मिळणारा साधा काउंटर वापरून ही पद्धत मांडली. आज तिच्यासाठी आयएसओचं मानकसुद्धा आहे.

हे सगळं शिकल्यावर मला आपल्या बोअरची आठवण आली नसती तरच नवल. दोन दिवसांची सुट्टी काढून होस्टेलला आलो होतो. निघायच्या गडबडीत मेसबाहेरच्या कूलरच्या नळाखाली कोल्ड्रिंकची रिकामी प्लास्टिकची बाटली धरली. अर्धी भरली असेल नसेल, तेवढ्यात रिक्षावाल्याने हॉर्न मारला. झाकण लावलं, सॅकमध्ये कोंबली आणि स्टेशन गाठलं. रेल्वेत ती बाटली रात्रभर हिंदकळत होती. लॅबमध्ये पोचल्यावर बीकरमध्ये ओतली, सिरिंजने 10 मिली उचललं आणि कुपी तयार केली. 50 मिनिटं काउंट घेतले. पार्श्वभूमीपेक्षा जेमतेम वर. हिशोब केला, 3 बेकरेल प्रति लिटर. सरांना न दाखवताच मी होस्टेलला फोन केला. पुढची नोटीसची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे.

आठवड्याने सरांनी माझी वही चाळली.

"हे पाणी कुठलं?"

"सर, आमच्या होस्टेलच्या बोअरचं."

"बोअरवर भरलंस?"

"नाही सर, कूलरच्या नळाला."

"बाटली कसली? काठोकाठ होती? किती वाजता भरलीस?"

"प्लास्टिकची, सर. अर्धी. परवा... म्हणजे त्या दिवशी संध्याकाळी."

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फळ्यावर एक रिकामी बाटली काढली, अर्ध्यापर्यंत रेघ मारली आणि म्हणाले, "आता तूच मला सांग, रेडॉन कुठे कुठे पळाला ते."

मी मोजायला लागलो. बोअरचं पाणी गच्चीवरच्या टाकीत वरून धबधब्यासारखं पडतं, तिथे थोडा गेला. टाकीत आणि कूलरमध्ये पाणी साचून राहतं, तिथे थोडा. मग बाटली. खोलीच्या तापमानाला हवा आणि पाणी समतोलात आले तर हवेतलं रेडॉनचं प्रमाण पाण्यातल्याच्या साधारण चौपट असतं. म्हणजे अर्धी बाटली पाणी, अर्धी हवा, आणि रात्रभर हिंदकळणं: पाचातले चार भाग हवेत गेले! झाकण उघडताच ते लॅबच्या खोलीत. प्लास्टिकमधून तो हळूहळू झिरपतो ते वेगळंच. बीकरमध्ये खळखळ ओतलं तेव्हा उरलासुरलाही निघाला. शिवाय वेळ नीट लिहिलेली नाही, आणि दर 12 तासांना साधारण 9 टक्के रेडॉन फुटून संपतो. लाखो रुपयांच्या त्या मशीनने आपलं काम चोख केलं होतं. कुपीत जे उरलं होतं ते त्याने प्रामाणिकपणे मोजलं. आपल्या बोअरमध्ये काय आहे, हे त्याला मी कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या वेळी मी नीट आलो. पंपघरातल्या काकांना गाठलं. त्यांनी पाच मिनिटांत मला तीनदा विचारलं, "काऊन रे बाबू, पान्यात काही हाय का?" मी म्हटलं, "काका, तेच तर बघायचंय." टाकीत जाण्याआधीचा, बोअरच्या तोंडाजवळचा नळ त्यांनी दाखवला. पाइपमधलं शिळं पाणी जावं म्हणून पंप पंधरा मिनिटं चालू ठेवला. नळाला रबरी नळी लावून तिचं टोक बादलीच्या तळाशी सोडलं, म्हणजे पाणी उसळत नाही, फेस येत नाही. बादली भरून वाहू लागल्यावर काचेची बाटली पाण्याखाली नेली, नळीचं टोक तिच्या आत घातलं आणि आतलं पाणी दोन-तीनदा बदलू दिलं. मग पाण्याखालीच झाकण लावलं. बाहेर काढून उलटी केली. एक बुडबुडा दिसला. काका म्हणाले, "एवढाच तर हाय." मी ओतून दिली आणि परत भरली. परत बुडबुडा. तिसऱ्यांदा जमलं. अशा तीन बाटल्या भरल्या. प्रत्येकीवर तारीख आणि वेळ, तासच नाही, मिनिटंसुद्धा.

लॅबमध्ये या वेळी बीकर नव्हतं. बाटलीत सुई खोलवर घालून हळू पाणी ओढलं आणि थेट कॉकटेलखाली सोडलं. भरल्यापासून मोजेपर्यंत दोन दिवस गेले होते. दोन दिवसांत मूळ रेडॉनच्या सुमारे 70 टक्के उरतो, तेवढी दुरुस्ती केली. कॅलिब्रेशनसाठी माहीत असलेल्या रेडियमच्या द्रावणाच्या कुपी महिनाभर आधीच बंद करून ठेवलेल्या होत्या. तीन बाटल्यांचं उत्तर आलं: 58, कमीजास्त 4, बेकरेल प्रति लिटर.

कुठे 3 आणि कुठे 58!

आता घाबरू नका. मेस बदलायची मागणी करायला हे कारण पुरणार नाही. युरोपियन युनियनने 2013 च्या निर्देशात पिण्याच्या पाण्यातल्या रेडॉनसाठी 100 बेकरेल प्रति लिटर हा आकडा धरला आहे, आणि 1000 च्या वर गेलं तर उपाय करायलाच हवेत असं म्हटलंय. अमेरिकेत 1999 मध्ये सुमारे 11 चा प्रस्ताव होता. घरातल्या हवेतला रेडॉन कमी करण्याचा कार्यक्रम जिथे राबवला जाईल तिथे सुमारे 148 चालेल, असंही त्यात होतं. तो प्रस्ताव अंतिम झालाच नाही. पाण्यातल्या रेडॉनचा बहुतेक धोका पोटातून होत नाही. पाणी वापरताना वायू हवेत येतो आणि श्वासावाटे फुफ्फुसात जातो, तो धोका मोठा. घरात वापरलेल्या पाण्यातल्या साधारण 10,000 बेकरेलमागे हवेत सरासरी 1, असा ठोकताळा आहे. आपले 58 प्रति लिटर म्हणजे घनमीटरला 58,000. त्यातून हवेत सरासरी 6 च्या आतबाहेर भर पडेल. घरातल्या हवेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये सुचवलेली पातळी घनमीटरला 100 आहे. वर आपण पितो ते पाणी टाकीत पडून, उसळून, साचून आलेलं असतं, त्यात रेडॉन आणखी कमी. तेव्हा पाणी बिनधास्त प्या, आणि आंघोळीच्या वेळी बाथरूमची खिडकी उघडी ठेवा. ती उघडी ठेवायला रेडॉनशिवायही पुष्कळ कारणं आहेत!

हे सगळं रूम पार्टनरला सांगितलं तर तो म्हणाला, "अरे मग प्रॉब्लेम काय आहे? तेव्हाही सेफ, आताही सेफ. कशाला स्वतःची इज्जत घालवतोस?"

खरं सांगतो, रात्रभर मलाही तेच पटत होतं. पण सकाळी एक साधा हिशोब केला. माझ्या पहिल्या पद्धतीने 58 चे 3 झाले. त्याच पद्धतीने 1000 बेकरेलचं पाणी मोजलं असतं तर अंदाजे 50 आले असते. मी तीच नोटीस लावली असती, "पाणी सुरक्षित आहे", आणि रेक्टर सरांनी तशीच पाठ थोपटली असती. म्हणजे त्या नोटीशीतलं "सुरक्षित" पाण्याकडे बघून आलेलंच नव्हतं. बोअरमध्ये काहीही असतं तरी तेच आलं असतं. निकाल खरा ठरला, तो आपल्या नशिबाने.

आणि या आकड्यावर निर्णय होणार आहेत. नवीन ब्लॉकच्या बाथरूमना बोअरची लाइन थेट द्यायचं चाललंय, टाकीचा खर्च वाचतो म्हणून. 3 हा आकडा समोर असेल तर कुणी दोनदा विचार करणार नाही. 58 समोर असेल तर एखादे सर नक्की विचारतील की बंद बाथरूममध्ये थेट बोअरचं पाणी सोडण्यापेक्षा आधी टाकीत पाडून घेतलं तर काय बिघडलं? एक्झॉस्ट पंखे लावले तर? तिथे राहायला येणारी पोरं अजून बारावीत असतील. त्यांच्या वाटणीचा विचार आज आपल्या आकड्यावर होणार आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मी अर्धी बाटली का भरली? घाई होती हे खरं, पण घाई सगळ्यांनाच असते. मी ती भरली, कारण चार टर्म मी शिकलोच असं होतं की सॅम्पल, जोडणी, वेळ या फालतू गोष्टी आहेत. खरं काम म्हणजे रीडिंग आणि ग्राफ. फिजिक्स लॅबमध्ये आपण काय करतो? सीनियरचं जर्नल घेतो, शेवटचं उत्तर बघतो आणि त्यातून उलटं येत टेबल भरतो. रेघेवर न बसणारा पॉइंट खोडरबरने रेघेवर आणतो. एरर किती, असं विचारलं की "ह्यूमन एरर" असं लिहून मोकळे. सबमिशनच्या आदल्या रात्री आख्खं होस्टेल एकच प्रयोग करत असतं, आणि सगळ्यांची उत्तरं दुसऱ्या दशांशापर्यंत जुळतात. जगातल्या कुठल्याही लॅबला हे जमणार नाही!

यात दोष फक्त पोरांचा नाही. सरांनो, रागावू नका, पण जुळलेल्या उत्तराला दहापैकी नऊ आणि खऱ्या, वेड्यावाकड्या उत्तराला सहा मिळत असतील, तर आम्ही काय निवडणार? ओरलला एकदा तरी कुणी विचारावं, "हे रीडिंग घेताना काय बिनसलं?" मला चार टर्ममध्ये कुणी विचारलं नाही. पहिल्यांदा विचारलं ते घरापासून इतक्या लांब, फळ्यावर अर्धी बाटली काढून.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. एक, होस्टेलच्या पाण्याचा कुठलाही रिपोर्ट बोर्डावर लागेल तेव्हा त्यात नुसता आकडा नको. पाणी कुठल्या नळाचं, कशात भरलं, किती वाजता, किती वाजता तपासलं आणि आकडा किती कमीजास्त होऊ शकतो, हे खाली लिहिलेलं हवं. दोन, आमच्या जर्नलमध्ये एक रकाना वाढवा, "काय चुकलं असू शकतं" असा, आणि त्याला खरे मार्क द्या. तीन, वर्षातून एकदा, बोअरला पाणी कमी असतं त्या उन्हाळ्यात आणि पावसाळा संपल्यावर, असे दोनदा सॅम्पल कुणीतरी घेत जावं. कशी घ्यायची ते मी शिकवून जाईन. काकांना तर आता पाठच झालंय.

लेख लिहायच्या आधी मी रेक्टर सरांकडे गेलो होतो. म्हटलं, "सर, ती नोटीस काढावी लागेल."

"का रे? पाणी खराब निघालं?"

"नाही सर, पाणी चांगलं आहे. आकडा खराब आहे."

सर म्हणाले, "मग राहू दे की. पोरं उगाच घाबरतील." मी त्यांना 1000 चे 50 कसे झाले असते ते सांगितलं. सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग ड्रॉवरमधून कोरा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "लिही. आणि पाणी कसं भरलंस तेही लिही."

नवीन नोटीस मेसच्या दारात, जुन्याच जागी लागली आहे. थोडी लांब झाली आहे. जेवायला रांगेत उभे असाल तेव्हा वाचा, आणि त्यातही काही चुकलेलं दिसलं तर 112 नंबरच्या खोलीचं दार वाजवा.